भादव्याची बांधी

पारबताकाकी लांबून येताना दिसली की मी आधीच तोंड वाकडं करून ठेवायचो. ती आल्यावर त्यासाठी वेगळा वेळ मिळत नसे.

बालाघाट-गोंदिया रस्त्यावर, राजेगावच्या जरा अलीकडे माझी धान भरडायची मिल आहे. मिल म्हणायची ती आपली नावापुरती. टिनाचं छप्पर, धान सोलणारं एक हलर, एक मोटर आणि दिवसभर कोंड्यानं पांढरा झालेला मी. लोक पोतं आणून टाकतात, गप्पा मारतात, तांदूळ घेऊन जातात. कोंडा मिलवाल्याचा, हा आमच्याकडचा रिवाज. पण रिवाज हे सगळं काकीच्या आधी जन्मलेल्या लोकांनी ठरवलेलं, आणि त्यांनी काकीला विचारलं नव्हतं.

ती येताना पोत्यासोबत एक लहान गाठोडं आणायची. त्यातही तिचंच धान. म्हणायची, आधी हे टाक. कारण काय, तर आधीच्या गिऱ्हाइकाचा हायब्रिड तांदूळ हलरच्या पोटात थोडाफार अडकून असतो, तो तिच्या तांदळात मिसळायला नको. गाठोड्यातल्या धानानं मशीन धुऊन निघालं की तो सरमिसळ तांदूळ कोंबड्यांना, आणि मग खरं पोतं. मी एकदा चिडून म्हणालो, काकी, माझी मशीन काही विटाळलेली नाही. तर म्हणे, "मशीन तुही आहे गुलाब, पोट माहं आहे."

मग ती तांदूळ पडतो त्या तोटीखाली हात धरून उभी राहायची. तांदूळ एकदाच काढायचा, त्याचा लालसर पापुद्रा राहिला पाहिजे. सवयीनं मी दुसऱ्यांदा मशीनमध्ये टाकायला गेलो की सरळ मोटरचं बटण बंद. तांदूळ खायचा असतो, आरशासारखा त्यात चेहरा पाहायचा नसतो, असं तिचं म्हणणं. आणि शेवटी पदराच्या टोकानं नाक पुसून, रिवाज गेला उडत, कोंडासुद्धा बांधून घ्यायची. गाईला आणि कोंबड्यांना. आख्ख्या पंचक्रोशीत माझा कोंडा नेणारी ती एकटी बाई. मला राग यायचा. तरी ती चार-आठ दिवस फिरकली नाही की मीच रस्त्याकडे पाहत बसायचो, हेही खरं.

बुटकी, काळीसावळी, लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, आणि समोरचा एक दात कोपऱ्यावर तुटलेला. तो दात धान चावून चावून गेला. कुणाच्याही खळ्यावर गेली तरी आधी एक दाणा उचलून दाताखाली धरायची. कट्‌ वाजला तर धान वाळलं. नुसता दबला तर त्या घरच्या माणसाची तिथंच शाळा घ्यायची. मोटरसायकलवरून जाणाऱ्याला थांबवून त्याच्या पोत्यातला दाणा चावलेला मी पाहिला आहे. तिला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं.

जमीन दोन एकराच्या आतबाहेर. तिच्या लहान-मोठ्या बांधी, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले धानाचे वाफे. गावात बांधीला नावं असतात, आंब्याची, नाल्याची, मसणाजवळची. काकीच्या बांधींना महिन्यांची नावं होती. नाल्याजवळच्या खोलगट बांधीत जाडं, टिकाऊ धान व्हायचं. त्याचा तांदूळ उन्हाळा ओलांडून पुरायचा, म्हणून ती बांधी 'आखाड', म्हणजे आषाढ. मधल्या बांधीत वासाचं धान, ते सणावाराला, तिचं नाव 'पूस', म्हणजे पौष. आणि सगळ्यात वरची, पाणी न ठरणारी, दगडगोट्याची जी बांधी कुणी फुकट घेतली नसती, ती 'भादवा'. तिच्यात लाल साठी लावायची. साठी म्हणजे झटपट येणारं धान. बाकीचं शिवार हिरवं उभं असतं, घरोघरच्या कोठ्या तळाला लागलेल्या असतात, नेमकं तेव्हा भादव्याच्या शेवटाला ही पिकते. तिच्यावर दिवाळीच्या धानापर्यंत घर चालायचं. बाई शेताकडे पाहायची तेव्हा तिला पीक दिसत नसे, कोणत्या महिन्याला ताटात काय पडणार ते दिसत असे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर, धान निघताना ओलीत लाखोळीची डाळ, परसात भोपळा, वाल, सुरण. हे सगळे तिच्या हिशेबी महिनेच होते.

खता-औषधाचं पोतं तिनं घरी येऊ देणं कधी बंद केलं, ते मला चांगलं आठवतं. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, होते तेव्हा. त्यांनी बांधीत कसलंतरी औषध मारलं आणि दुसऱ्या दिवशी बांधीतली बारीक मासळी पांढरी पोटं वर करून तरंगायला लागली. खेकडेसुद्धा बांधावर येऊन मेले. पावसाळ्यात आमच्याकडे भाजी बाजारातून येत नाही, बांधीतून येते. काकी टोपली घेऊन गेली होती ती तशीच परत आली आणि काकांना म्हणाली, धानावरची कीड मरायची तेव्हा मरेल, आपली भाजी आधी मेली. त्या वर्षापासून घरचं शेणखत, रोपं लावण्याआधी, रोवणीच्या चिखलात तुडवलेला करंजाचा पाला, निंबोळीचं पाणी, आणि कोतवाल पाखरानं बसून अळ्या वेचाव्या म्हणून बांधीत रोवलेल्या काड्या. पहिली दोन-तीन वर्षं धान कमी झालं. लोक हसले. एका वर्षी करपा रोगानं आख्खा आखाड नेला, तेव्हा तर फारच हसले, आणि ती कुणाशीच बोलेना, कारण तिला हरलेलं पाहायची सवय आम्हाला नव्हती तशी तिलाही नव्हती. पण माती हळूहळू भुसभुशीत झाली. मासळी परतली. नंतर नंतर माझ्या हलरवर तिचं पोतं वजनाला गावातल्या कुणापेक्षा हलकं भरत नसे.

वरच्या अंगाला सदारामचं शेत. त्याच्या बांधीतलं पाणी उतारानं काकीच्या बांधीत यायचं आणि येताना फवारलेलं औषध घेऊन यायचं. काकीनं एक दिवस त्याच्या पाण्याचं तोंड मातीनं बुजवलं आणि कडेनं नवी नाली खोदून ते पाणी थेट नाल्यात सोडलं. नाली अरुंद पडली, सदारामच्या शेतात पाणी तुंबलं, त्याची रोपं सडली. मग जे भांडण झालं ते राजेगावपर्यंत ऐकू गेलं असेल. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच मिलवर यायचे, एकाच बाकावर दोन टोकांना पाठ फिरवून बसायचे, आणि मधल्या जागेत मला बोलत राहावं लागायचं.

तिच्या तोंडाला कुलूप नव्हतंच. राजेगावला एका लग्नात पंगतीत बसली, पहिला घास खाल्ला आणि मोठ्यानं म्हणाली, या भाताले चवच नाही बाप्पा. वाढणारा नेमका नवरीचा बाप. तो बिचारा पातेलं घेऊन तसाच उभा. मी बाजूच्या पानावर होतो, मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तिनं मात्र दोनदा मागून घेऊन पोटभर जेवण केलं, कारण अन्न टाकायचं नाही हाही तिचाच नियम. जिलेबी आल्यावर तर तिला दुसरं काही दिसलंच नाही. साखरेपुढे तिची सगळी तत्त्वं पाघळायची. चहात इतकी साखर लागायची की चमचा उभा राहावा, आणि तरी म्हणायची, गुलाब, साखर कमी आहे.

आता तिचा मुलगा. दिलीप गोंदियाच्या एका राईस मिलचा टेम्पो चालवतो. वाईट पोरगा नाही, पण दिवसभर हायब्रिड धानाची पोती वाहून त्याला वाटायला लागलं होतं की आपण घरी उगाच महिने पेरत बसलो आहोत. त्याचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या बांधीत एकच धान लावू, खत देऊ, सगळं विकू, आणि खायला रेशनचा तांदूळ आहेच. आमच्या गावात निम्मी घरं हेच करतात आणि कुणी उपाशी मेलेलं नाही, हेही तो सांगायचा. तो बांधींना महिन्याच्या नावानं कधी हाक मारत नसे. वरची, मधली, खालची, एवढंच म्हणायचा.

काकीचं उत्तरही सरळ होतं. "रेशनची गाडी आली नाही त्या दिवशी काय खाशीन? रस्ता?"

एकदा माझ्याच मिलवर मायलेकांचं जुंपलं. तेव्हा दिलीप म्हणाला, ठीक आहे, यंदाचं वर्ष तुझं. पण धानापासून धानापर्यंत, या कापणीपासून पुढच्या कापणीपर्यंत, एकदा जरी बाहेरचा तांदूळ घरात आला, तर पुढच्या वर्षीपासून सगळं शेत मी म्हणीन तसं. काकीनं तोटीखालचा हात काढला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, हौ. मी साक्षीदार. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मिल माझी होती.

त्याच माघात दिलीपचं लग्न झालं. काकीची बहीण परसवाड्याला असते, तिनंच स्थळ जमवलं. मुलगी उकव्याची, रेश्मा. बाप मॅंगनीजच्या खाणीत कामाला, घर खाणीच्या वस्तीत. तिनं जन्मात तांदूळ पाहिला तो रेशनच्या पोत्यात. धान पाहिलं ते बसच्या खिडकीतून. मराठी समजायची, बोलायची हिंदी. पण पोरगी हुशार, हाताची चपळ आणि सासूला खूश करायला टपलेली. काकीनं तिला कधी काही शिकवलं नाही. शिकवायचं असतं हेच काकीला माहीत नव्हतं. आपल्याला जे येतं ते माणूस आईच्या पोटातून घेऊन येतं, असा तिचा समज. रेश्मा बिचारी नुसतं पाहून पाहून शिकत होती.

जेठ, म्हणजे ज्येष्ठ, लागायच्या सुमाराला काकी बहिणीकडे परसवाड्याला गेली, तिकडच्या हाटातून कुटकी आणायला, वरईसारखं ते बारीक धान्य. इकडे रेश्मानं पाहिलं, खायच्या कोठीतलं उकडं धान संपत आलं आहे. पावसाआधी धान उकडून, वाळवून, भरडून ठेवायचं असतं, एवढं ती सासूकडून पाहून शिकली होती. मागच्या खोलीत शेणामातीनं तोंड लिंपलेली लहान कोठी होती. तिनं ती फोडली. आतला कडूलिंबाचा पाला बाजूला काढला. सगळं धान हंड्यात घालून छान उकडलं, अंगणात वाळवलं आणि पोत्यात भरून सायकलवर माझ्याकडे आणलं. लाज आणि आनंद दोन्ही चेहऱ्यावर. अम्मा येण्याआधी तांदूळ तयार पाहिजे, म्हणाली.

नेमकी लाइट गेलेली. आम्ही वाट पाहत बसलो. आणि परसवाड्याकडून बालाघाटला येऊन, तिथून गोंदियाची बस पकडून काकी माझ्या दारात उतरली, डोक्यावर कुटकीचं बोचकं. सुनेला पाहून आधी खूश झाली. मग सवयीनं पोत्यात हात घातला, दाणा काढला, दाताखाली धरला.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दाणा कट्‌ वाजला होता, वाळला उत्तम होता. पण ती तो थुंकेना की गिळेना. दुसरा दाणा घेतला, नखानं सोलून उजेडात धरला, नाकाला लावला. ती लाल साठी होती. भादव्याचं बियाणं. उकडलेलं धान सोन्याच्या मातीत पेरलं तरी उगवत नाही, हे मलाही कळतं.

"सगळं?" काकीनं विचारलं.

"हाँ अम्मा, सब उबाल दिया," रेश्मा म्हणाली. आमचे चेहरे पाहून तिचा आवाज बारीक होत गेला. "कुछ गलत हो गया क्या?"

मला वाटलं आता छप्पर उडणार. धान न वाळवणाऱ्या परक्या माणसाला रस्त्यावर सोलून काढणारी ही बाई. पण काकी माझ्या बाकावर बसली आणि म्हणाली, "चांगलं उकडलं पोरी. मीच सांगतलं नाही तुले."

मग तिनं सुनेला तिथंच बाकावर बसवून सगळं सांगितलं, कोणती कोठी खायची, कोणती पेरायची. माझ्या माहितीत तिनं कुणाला काही समजावून सांगितल्याची ती पहिली वेळ. रेश्मा रडायला लागली तर म्हणे, रडून धान उगवत असतं तर पाऊस कशाले लागला असता, चल.

काकी दरवर्षी साठीचं बी गावात वाटायची. दयेनं नव्हे. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरी असावं, म्हणून. घेणाऱ्यानं कोपऱ्यात पेरायचं आणि तेवढंच परत करायचं. आता ती दारोदार फिरली. एकानं खाऊन टाकलं होतं. एकाकडे उंदरांनी नेलं. बाकीच्यांनी त्या कोपऱ्यातही हायब्रिड लावलं होतं आणि काकीला सांगायची हिंमत झाली नव्हती. राहिलं एकच घर, सदारामचं. भांडणाआधी तिनं त्यालाही दिलं होतं. त्यानंतर परत मागायला ती गेली नव्हती आणि त्यानंही आणून दिलं नव्हतं.

तिनं मला सोबत नेलं. मी म्हणालो, मी काय करू तिथं. म्हणाली, तू फक्त उभा राह्य. सदारामच्या दारात ती उभी राहिली आणि मला कोपरानं ढोसलं. सदाराम खांबाला धरून उभा. मीच सांगितलं, काकीचं साठीचं बियाणं गेलं. तो आत गेला आणि एक टोपलं घेऊन बाहेर आला. लाल साठी. त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला साठीच्या पेजेशिवाय काही पचत नाही. म्हणून तो दरवर्षी घरामागे तेवढी पट्टी लावत होता.

"औषध नाही मारलं याले," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "माय रागावते."

काकीनं टोपल्यात हात घातला. दाणा चावला नाही, हे माझ्या लक्षात आलं. तिनं विचारलं, मायच्या पेजेले किती लागते. त्यानं सांगितलं. काकीनं निम्म्याहून जास्त धान टोपल्यातच ठेवलं आणि उरलेलं पदरात घेतलं. सदाराम म्हणाला, सगळं ने. तिनं मान हलवली. मला वाटलं, आता भांडण मिटलं, आता दोघं रडतील बिडतील. काकी फाटकापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "पण तुहं पाणी माह्या बांधीत सोडजो नको."

पदरातलं बी भादव्याला पुरणारं नव्हतं. साठी आम्ही नेहमी फेकून पेरतो, त्याला भरपूर बी लागतं. काकीनं या वेळी अंगणाशेजारी लहानसा वाफा करून रोपं तयार केली आणि कोवळी असतानाच एकेक काडी, वीत-वीत अंतरावर, लावली. ती आणि रेश्मा, दोघीच. बांधी पाहून गाव पुन्हा हसलं. टक्कल पडलेल्या डोक्यासारखी दिसत होती ती. दिलीप कोठी कधी रिकामी होते याची वाट पाहत होता. मग पाऊस लागला, एकेका काडीला फुटवे आले, आणि सावन संपेपर्यंत भादव्यात पाय ठेवायला जागा उरली नाही.

पण कोठीत तांदूळ उरला नव्हता. उकडलेलं बियाणंही खाऊन झालं होतं. भादवा अर्धा सरला आणि त्या घरात रोज कुटकीचा भात, भोपळा, सुरण, बांधीतली मासळी चालू झाली. कमी काही पडलं नाही, पण भाताच्या माणसाला भातच लागतो. दिलीपनं एक दिवस गोंदियाहून टेम्पोत तांदळाचं पोतं घालून आणलं. पैज जिंकायला नव्हे, तसं त्यानंच मला नंतर सांगितलं. आई थकलेली दिसायची, तिला धाप लागायची, म्हणून आणलं. काकी झोपली होती. दारात रेश्मा उभी राहिली. आडवी उभी राहिली.

"अंदर नहीं आएगा," ती म्हणाली. "भादवा पक रहा है."

पोतं माझ्या मिलवर येऊन पडलं. दिलीप बाकावर बसून डोकं खाजवत होता. मी चहा पाजला.

मग साठी निघाली. भरडायला आणली त्या सकाळी तिघंही आले. पोतं दिलीपच्या खांद्यावर. माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "भादव्यातलं आहे गुलाबदादा, जपून काढजो." नाव ऐकून मी वर पाहिलं. त्याला स्वतःला काही जाणवलेलं दिसलं नाही. तो आपला पोत्याची गाठ सोडत होता.

रेश्मानं ओच्यातून लहान गाठोडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आधी हे टाकायचं. मी तोंड वाकडं केलं, सवयीनं. ती तोटीखाली हात धरून उभी राहिली. तिनं बियाणं आधीच काढून लहान कोठीत भरलं होतं, आणि कोठीवर काकीच्या हाताचा हळदीचा पंजा उमटवून घेतला होता. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, म्हणाली.

काकी आत आलीच नाही. बाहेर पायरीवर बसली, मशीनकडे पाठ करून, रस्त्यावरच्या बसकडे पाहत. दिवाळीआधीच ती गेली, म्हणून माझ्या मिलवरचं तिचं ते शेवटचं येणं ठरलं. मी चहा घेऊन बाहेर गेलो. साखर मीच घातली होती, दोन्ही हातांनी. म्हणालो, काकी, आत मी तांदूळ दोनदा काढला तर? कोंडा ठेवून घेतला तर?

तिनं चहाचा घोट घेतला. आत मोटर बंद झाल्याचा आवाज आला. रेश्मानं बटण दाबलं होतं, कारण मिलवर माझ्या हाताखाली असलेला पोऱ्या सवयीनं तांदूळ पुन्हा मशीनमध्ये टाकायला निघाला होता. काकीनं मागे वळून पाहिलं नाही.

"साखर कमी आहे," ती म्हणाली, आणि तुटका दात दाखवून हसली.